आई निघाली, ठिपका निघेना

मी ॲप बनवायला नुकताच शिकत होतो ना, तेव्हाची गोष्ट. माणूस कुठवर पोचला ते नकाशावर दिसायला हवं, एवढंच त्याचं काम. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये दाखवायचं होतं, म्हणून आईच्याच फोनमध्ये टाकलेलं. ती जवळच मोहने गावात मावशीकडे गेलेली, मी शहाडला घरी.

पाच वाजता तिचा फोन आला, "निघाले रे."

नकाशावर ठिपका मात्र मावशीच्या दारातच. मी सेटिंग तपासलं, कोड तीनदा बदलला. सव्वासहा झाले तरी ठिपका ढिम्म हलेना. आता उद्या इज्जत जाणार म्हणून वैतागून मावशीला फोन लावला.

"मावशी, आई निघाली ना?"

"अरे, कधीचीच निघालीये. ही काय, चपला घालून दारातच उभी आहे. देऊ का?"