बोट कुणी काढायचं

कशेळ्याच्या नाक्यावर जीप भरायची वाट बघत सहदेवकाका मागच्या बाकावर बसले होते. समोर सुरेखा, तिच्या मांडीवर पाच वर्षांची जना. पोरीचं बोट ओठांवर. शेजारच्या इंदूबाईंना राहवलं नाही.

“पोर चार दिस बोललं नाय म्हणं?”

“बालवाडीत बाईंनी नि पोरांनी मिळून नियम केला. बाई ‘बोला’ म्हणतील तवाच बोट काढायचं. समदी हो म्हणाली.”

“मंग?”

“पोरांनी बोटं ठेवली, नि बाईंचा जीव खुर्चीतच गेला.”

“अगं आई! बाकीची पोरं?”

“सतराच्या सतरा अशीच. जेवताना बोट काढत्यात, परत ठेवत्यात.”

“नव्या बाईंनी सांगायचं ना, बोला म्हणून!”

“सांगितलं. पोरं नुसती बघत बसली. आता कर्जतला डॉक्टरकडं चाललेय.”

“शिस्त मातर झकास लागली गं.”

“तुमाला हसू येतंय, इंदूबाय. माझं पोर मुकं झालं.”

एवढ्यात जनाने जीपच्या उघड्या दाराकडे मान वळवली. दारात कुणी नव्हतं. तिने ओठांवरचं बोट काढलं.

“हो, बाई.”

सुरेखाने तिला घट्ट धरलं. जना सहदेवकाकांकडे बघत म्हणाली,

“काका, सरका ना. बाई उभ्या हायत.”

सहदेवकाका निमूटपणे सरकले.