तेलाची वाट

“लोखंडाच्या पोटात काही राहत नाही गं पोरी,” आजोबा ऐरणीपाशी म्हणायचे. पंक्चरसाठी गॅरेजच्या बाकावर बसलेल्या नर्सबाईंना ते आठवलं. समोर जुन्या मोटारसायकलचं इंजिन उघडं पडलं होतं आणि मिस्त्रीबरोबर सासरे-जावई त्यावर वाकले होते.

“बघा मिस्त्री, पिस्टनवर कशा रेघोट्या आहेत! जावईबापूंनी एकदाच फिरवली आणि इंजिन जाम! बारा वर्षं गाडी बसलीय. हाताला यश फार!”

“मामा, तेल भरूनच नेली होती मी.”

“हो तर! तेल बिचारं वाटेत उतरून गेलं असेल.”

“उतरलं नाही, काका,” मिस्त्री म्हणाला. “ते वर पोचलंच नाही. ही तेलाची वाट बघा, चोंदलीय. पॅकिंग बसवताना कुणीतरी चिकटवायच्या सोल्युशनचा गिलावाच केलाय, तेच आत जाऊन बसलंय. कुठल्या इंजिनियरसाहेबांनी खोललं होतं हे?”

“मी तर झाकणसुद्धा काढलं नव्हतं.”

“तुम्ही कसले काढताय! पाना कुठून धरायचा हे तरी ठाऊक आहे का?”

“मग कुणी काढलं, मामा?”

सासऱ्यांनी पिस्टन फडक्यात गुंडाळला, पुन्हा उघडला.

“मी. तुम्हाला द्यायच्या आदल्या दिवशी. आणि जावईबापू... गाडी बसली त्याच दिवशी मला ते कळलं होतं.”