धोटा जाताना की येताना

अरे, ऐका तर! सन सत्तरच्या आसपास नागपूरच्या धंतोलीत माझा दवाखाना नवा होता. उमरेडहून एक विणकर आजोबा एसटीनं आले, खांद्यावर दोन महिन्यांचा नातू, मागे रडवेली सून.

आजोबा म्हणाले, "याचा श्वास वाजते, डॉक्टरसाहेब. लोक म्हणून राहिले, दमा आहे, तापल्या विळ्यानं पोटावर डाग द्या."

आणि पोरगं माझ्यासमोर चिडीचूप!

मी सुनेला विचारलं, "आवाज श्वास घेताना येतो की सोडताना?"

तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. आजोबा ताडकन म्हणाले, "घेताना. उताणा ठेवला का वाजते, पालथा केला का बंद."

मी बाळाला टेबलावर उताणं ठेवलं. घर्र! पालथं केलं. शांत! मी ओरडलोच, "सापडलं!" दमा श्वास सोडताना वाजतो. इथे घशातला स्वरयंत्राचा भाग कोवळा होता, श्वासाबरोबर आत ओढला जायचा. वाढत्या वयात आपोआप बरा होणारा!

"आजोबा, हे ऐकायला कोणी शिकवलं?"

"शिकवते कोण, साहेब? मागावर सूत नेणारा धोटा जाताना कुरकुरते का येताना, हे ऐकल्याबिगर आम्ही मागाले हात नाही लावत. अन् लेकराले काय न ऐकताच डागून द्याचं?"