वर चार बोटं जागा

माझं माहेर मावळात, पवनेच्या काठाला, आन् सासर ह्या माण गावात. पयलं बाळंतपण माहेरी झालं, दत्ता झाला. सव्वा महिन्यानं मला परत धाडताना आईनं एका हातात पोरगं दिलं आन् दुसऱ्या हातात डालगं. डालग्यात एक काळी तलंग, म्हंजी कवळी कोंबडी, मानंवर तांबूस. आई म्हणाली, पोराला अंडं मिळंल आन् सासरात तुझं म्हणून कायतरी राहील. त्या तलंगेची लेक, लेकीची लेक, असं करत चाळीस वर्सांच्या वर माझ्या परड्यात तीच जात राहिली. मालक गेले, रान आयटीच्या पार्कात गेलं, जुनं घर पाडून दत्तानं तीन मजले चढवले, वर भाडेकरू आले. मागची परड्याची पट्टी तेवढी राहिली, ती माझ्या हट्टानं.

काय सांगू तुम्हाला, लोकांना वाटतं दाणं टाकलं का कोंबडी जगती. उन्हाळा कोंबडी आपला आपण काढती, थंडी माणसानं काढून द्यावी लागती. आमच्यात मार्गशीर्षात घरात अंडं फोडत न्हाईत, मग अंडी साठत्यात. तवाच एखादी खुडूक झाली का तिच्याखाली मांडायची, म्हणून आमची पिल्लं कायम ऐन गारठ्यातली. खुराड्याला तीन बाजूंनी गोणपाट बांधायचं, चौथी बाजू उगवतीला, तिथं नुसती जाळी, म्हंजी सकाळचं ऊन आत येतं. खाली बंबातली राख पसरायची. आन् वर, पत्र्याखाली, चार बोटं जागा मोकळी ठेवायची. ही चार बोटं आईनं माझा हात धरून लावून दाखवली व्हती. कोंबड्या रातभर श्वास सोडत्यात, त्याची वाफ होती, तिला जायाला वाट पायजे. कोंबडी गारठ्याला पिसं फुगवून बसती, गारठ्यानं मरत न्हाई, कोंडल्यानं मरती. येवढंच आईनं मला शिकवलं, दुसरं तिच्याकडं शिकवायला काय नव्हतंच.

गेल्या थंडीची गोष्ट हाय. अकरा कोंबड्या, एक कोंबडा, आन् त्यातली थोरली नऊ अंड्यांवर बसलेली. दत्ता चाकणला कंपनीत हाय, पॅकिंगला. कधी पयली शिफ्ट, कधी रातपाळी, वर ओव्हरटाइम. माझ्याशी बोलणं म्हंजी जेवलीस का, गोळी घेतली का. तर एका गुरुवारी, त्याची सुट्टी असती गुरुवारी, तो परड्यात आला. हातात ते फुग्याफुग्यांचं प्लास्टिक, कंपनीतलं टाकाऊ, मोठी गुंडाळी. म्हणाला, आये, तुझ्या कोंबड्या गारठत्यात, झाकून देतो. म्या बघतच राहिले. परड्यात त्यानं पाय ठेवून वर्स झालं असंल.

दोन तास बसून त्यानं काम केलं. गोणपाट काढलं, चारी बाजूंनी प्लास्टिक लावलं, जाळीवर बी लावलं, कडंनं चिकटपट्टी. काम सफाईचं, उगं कशाला नाव ठेवू. म्या म्हटलं, वर चार बोटं सोड रं. तो म्हणाला, अगं आमी मशीन बांधतो, ती समुद्रातनं परदेशी जाती, आत वाऱ्याचा कण शिरत न्हाई. म्या म्हटलं, मशीन श्वास घेती व्हय? तर तो हसला. माझ्या बोलण्यावर किती दिसांनी हसला. तिथंच माझं तोंड बंद झालं.

तिसऱ्या सकाळी दार उघडलं तर प्लास्टिकला आतून पाणी सुटलेलं, थेंब थेंब राखंत पडून चिखल झालेला. वासानं डोळे झोंबले. पाचव्या दिवशी दोघीतिघींची घरघर ऐकू यायला लागली. मला कळत नव्हतं असं न्हाई. इळा हातात घेतला. दोनदा घेतला. पण वर फाडलं तर पोराला काय वाटंल, येवढं मायेनं केलंय, पुन्हा परड्यात येईल का न्हाई. दोन्ही येळा इळा ठेवून दिला.

मग रोज दोनतीन गेल्या. नवव्या सकाळी कोंबडा बी आडवा. थोरली अंड्यांवर बसल्या जागीच मेलेली, पिसं ओली. तवा वरचं फाडलं. अंडी फोडून बघितली तर आत पिल्लं घडली व्हती, हलत नव्हती. एकच तलंग राहिली. दत्ता म्हणाला, मानमोडी आली असंल, तो रोग थंडीतच येतो. म्या म्हटलं, व्हय, तेच असंल. माझ्या चुकीचं पाप त्याच्या डोक्यावर कशाला, असं मला वाटलं.

पुढं आठ दिसांनी वरच्या मजल्यावरची बाई गच्चीतनं खाली आली कपडे घेऊन. आयटीतली हाय, बोलायला गोड. म्हणाली, आजी, आता खिडकी उघडता येते, वास येत नाही. आम्ही दादांना सांगितलंच होतं, बंदोबस्त करा नाहीतर आम्ही खोली सोडतो, तर त्यांनी त्याच गुरुवारी प्लास्टिक लावलं. तिला काय ठावं. ती सांगून गेली. म्या परड्यातल्या कपड्यांच्या तारंला धरून उभी राहिले.

म्हंजी ते कोंबड्यांसाठी नव्हतंच. आन् म्या त्यापायी इळा ठेवून दिला.

आता यंदाचा मार्गशीर्ष आला. गोणपाट म्या पुन्हा बांधलंय, वर चार बोटं सोडून. आत ती एकटी. खुडूक झालीय, रिकाम्या राखंवर बसती. कोंबडा न्हाई, म्हंजी तिची अंडी वांझ, आन् दुकानातली बी तशीच, त्यातनं काय निघायचं? परवा दत्ता म्हणाला, आये, एवढी कशाला मन लावून घेतीस, चाकणच्या बाजारातनं आणू का चार कोंबड्या? म्या म्हटलं, नको बाबा. वरच्या बाईला खिडकी उघडावी लागती.

त्यानं वर बघितलं न्हाई. दारात बसून कंपनीचे बूट घालत राहिला. त्या बुटांना नाडी नसती, पाय घातला का झालं. तरी त्याला लई येळ लागला. मग उठला, शिफ्टला गेला. जाताना जेवून घे म्हणाला.

सुखात राहू दे त्याला. म्या कशाला वाईट चिंतू. सांजचं खुराडं लावताना तेवढं वर हात घालून बघती, चार बोटं हाईत का.