दुसऱ्या अंकातला डॉक्टर

(महाड, १९५९. शाळेच्या स्नेहसंमेलनाची दुपार. रंगमंचामागची वर्गखोली.)

बयाबाई : …म्हणून म्हटलं, गोळ्या संपल्यात तर तुमालाच गाठावं. लई शोधलं बघा. दवाखान्यात इचारलं, तर तितला बाप्या म्हणतो, महिपती नावाचा डाक्टर हितं कोन नाय. मंग म्हटलं, हैबतीच्या शाळेत जाऊन लेकालाच इचारावं. तर तुमी हितंच, कोट घालून उभं.

महिपती : काकी, तुम्ही आधी बसा. पाणी आणू?

बयाबाई : पानी नको. बसते जरा. कुडपनावरनं पोलादपूरपातूर चालत उतरलो, तितनं एश्टी. पायाचं पार लाकूड झालंय. हैबती कुठं हाय?

महिपती : बाजारात गेलाय, गॅसबत्त्या आणायला. येईल इतक्यात. तुम्ही "उतरलो" म्हणालात. बरोबर कोण आहे?

बयाबाई : आवडी हाय की. भाईर पायरीवर बसवलीय.

महिपती : आवडी? एवढं चालली ती?

बयाबाई : चालली तर काय. तुमी आलात तवा गोठ्यात दाव्याला बांधलेली, मलमुताचं भान नाय, आठवतंय ना? तुमी गेलात आन दुसऱ्या दिवशी दावं सोडलं. अंग धुवाय लागली, केस इंचराय लागली. मी घास भरवायचे, ती आपल्या हातानं भात कालवून खाय लागली. आमच्या घरधन्यानं देवाला नारळ फोडला. म्हणाला, भगतानं छड्या मारमारून जे केलं नाय, ते त्या कोवळ्या डाक्टरानं एका दुपारात केलं. तुमचं नाव निघाल्याबिगर आमच्याकडं चूल पेटत नाय बघा.

महिपती : काकी, मला तुम्हाला काही सांगायचंय.

बयाबाई : सांगा, पन आदी माझं आयकून घ्या. गोळ्या संपल्या आन पुन्हा झोप गेली तिची. रातची उठून बसती. परवा तर उठून कड्याच्या वाटंला लागली, मी पदराला धरून माघारी आणली. घरधनी म्हणतो, अमावाशेला पुन्हा भगत बोलवायचा, आन तवर दाव्याला. मी म्हटलं, एकदा डाक्टरला दाखवून येते. म्हणाला, जा. बरी करून आणलीस तर घरात, नाय तर गोठ्यात. आता तुमीच बघा. गोळ्या द्या, चार जास्तीच्या द्या, पुन्हा पुन्हा उतरवत नाय मला.

महिपती : त्या गोळ्यांत औषध नव्हतं.

बयाबाई : म्हंजी?

महिपती : नुसत्या साखरेच्या होत्या. आमच्या सरांकडे होमिओपॅथीची पेटी आहे, तिच्यातल्या. औषधाचा थेंब न टाकलेल्या.

बयाबाई : साखरेच्या का असंनात, लागू पडल्या ना? हाताला गुण असला की राखसुद्धा लागू पडती.

महिपती : मी डॉक्टर नाही, काकी.

बयाबाई : शिकताय अजून, ठाव हाय. हैबतीनं सांगितलान.

महिपती : शिकतोय, ते अकरावीत. हैबतीच्याच वर्गात, त्याच्याच बाकावर. मी दासगावचा. हा कोट नाटकातला आहे. आज रात्री आमचं नाटक आहे, त्यात मी डॉक्टर होतो.

बयाबाई : गळ्यात ती नळी व्हती की.

महिपती : कंपाउंडरकडून मागून आणलेली.

बयाबाई : छातीला लावलीत, पाठीला लावलीत. लांब श्वास घे म्हणालात. मी म्हटलं, काय आयकतायत कोन जाणे.

महिपती : काहीच नाही. त्यातून काय ऐकायचं असतं, तेच मला ठाऊक नव्हतं.

बयाबाई : आमच्या दारात आलास. आमच्या हातची भाकर खाल्लीस. आन लेकीच्या अंगाला हात लावलास. डाक्टर म्हणून मी लावू दिला. दुसरा कोन असता तर कोयता घेतला असता मी. कुनी शिकवलं रे तुला हे?

महिपती : कोणी नाही. सर म्हणाले, वेड लागलेल्या बाईला बरं करणारा डॉक्टर करायचाय, तर आधी तसं माणूस डोळ्यांनी बघ. हैबती म्हणाला, दिवाळीत माझ्या गावी चल, माझी बहीण आहे. पण परक्या पोराला बाप तिच्याजवळ जाऊ देणार नाही, म्हणून कोट घालून चल. मला वाटलं, लांबून बघायचं आणि यायचं. तिथं तुम्ही माझ्या पाया पडायला वाकलात. मग मागं फिरता येईना.

बयाबाई : तोंड व्हतं ना? तवाच सांगायचं व्हतंस.

महिपती : हो. सांगायला हवं होतं.

बयाबाई : आन हैबती कोन व्हतो ह्या नाटकात?

महिपती : तो… ती बाई होतो. मुली कुठं काम करतात नाटकात? बायकांची कामं आम्हीच करतो.

बयाबाई : म्हंजी आवडी.

महिपती : नाव वेगळं आहे.

बयाबाई : नाव वेगळं असंल. म्हणून माझं जुनं लुगडं मागून नेलान. सुट्टीभर तिच्याम्होरं मांडी घालून बसायचा. ती मान कशी टाकती, बोटं कशी पिळती, बघत राहायचा. मी आपली म्हणायचे, भनीवर किती जीव हाय माझ्या पोराचा. आन हा तिचं सोंग शिकत व्हता.

महिपती : जीव आहेच हो. परवा तालमीत तो रडायला लागला तो थांबेचना. सरांनी तालीम बंद केली. हे नाटक लोकांना हसवायला नाही, काकी. त्यात ती बरी होते. डॉक्टरचा तिच्यावर जीव बसतो, तो तिला औषध देतो, त्या घरातून बाहेर काढतो.

बयाबाई : आन मंग?

महिपती : मग तिसऱ्या अंकात दोघं लग्न करतात.

बयाबाई : झ्याक. माझ्या जावयाला धाडा बोलावणं, मुंबईला गिरणीत असतो. बायकू पयल्या बाळंतपनाला माहेरी आली, पोर बारशाच्या आदीच गेली, बायकूचं डोकं फिरलं. तर एकदा आला, गोठ्याच्या दारातनं वाकून बघितलान, आन पायातलं न काढता माघारी गेला. त्याला दावा तुमचा तिसरा अंक.

महिपती : काकी, तुम्ही मला दोन थोबाडीत मारा. पण असं बोलू नका.

बयाबाई : थोबाडीत मारून माझ्या लेकीला झोप लागनार हाय का? एक खरं सांग. त्या दिवशी तिच्यापाशी बसून बोललास, तुला मी इथं राहू देणार नाही, तुझ्या दुःखातलं अर्धं मला दे. मी चुलीच्या वैलापाशी बसून आयकत व्हते. पदर तोंडात कोंबला मी. आमच्यात लेकीबाळींशी असं कोन बोलतं? ते तरी तुझं व्हतं का?

महिपती : ते दुसऱ्या अंकातलं आहे. मला काय बोलावं सुचेना. पाठ होतं, ते म्हटलं.

बयाबाई : अरे, तिनं ते काळजात धरलंय. रोज इचारती, डाक्टर कदी येनार मला न्यायला. नवऱ्यासाठी कदी बसली नाय अशी आज पहाटं आरसा घेऊन बसली, भांग पाडला, कुंकू लावलं. आन मी येडी, मला वाटलं गुण येतोय.

महिपती : एक वाट आहे, काकी. हैबतीलाही हे सोसेना. त्यानं सरांना सगळं सांगितलं. सर आमच्यावर खूप चिडले, पण ते खऱ्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, मुलीला आणा, मी तपासतो, आणि मुंबईकडे या दुखण्याचं मोठं इस्पितळ आहे, तिथं पाठवतो. हैबती उद्याच घरी येणार होता तुम्हाला सांगायला. ते डॉक्टर आज नाटकाचे पाहुणे आहेत. आत्ता हेडमास्तरांच्या खोलीत चहा घेतायत. उद्या सकाळी त्यांची जीप मुंबईला जाणार आहे. आवडी तिच्यातून जाऊ शकते.

बयाबाई : बरी व्हईल तितं?

महिपती : व्हायची शक्यता आहे म्हणाले. इथं राहिली तर नाही होणार, हेही म्हणाले.

बयाबाई : पन ती जायची नाय.

महिपती : तुम्ही सांगितलंत तरी?

बयाबाई : माझं आयकत असती तर काय पायजे व्हतं. भगतानं धरून मारली तवापास्नं परका बाप्या जवळ आला की दातखीळ बसती, डोळं पांढरं करती. चौघांनी उचलून गाडीत घातली तर वाटंतच जीव सोडील. ती एकट्याचं आयकती. तुझं.

महिपती : मी सांगू?

बयाबाई : तो कोट काढू नको. बटनं लाव नीट. तिला आत बोलवते मी. सांग, हा मोठा डाक्टर माझाच हाय, त्याच्या संगती जा.

महिपती : म्हणजे पुन्हा खोटंच बोलायचं.

बयाबाई : तुमच्या नाटकासाठी बोललास ना? आता माझ्यासाठी बोल. ती त्या गाडीत बसली की माझा तुझ्यावर राग नाय, हैबतीवर नाय. माझ्या हातानं तिला पुन्हा बांधायची पाळी आणू नको रे. मागल्या खेपंला बांधताना ती मला म्हणाली, आये, गाठ सैल मार. मी सैल मारली नाय.

महिपती : बोलवा तिला.

बयाबाई : आवडे, ये गो आत. डाक्टर भेटले.

आवडी : मी म्हटलं नव्हतं, भेटतील म्हणून? तू उगं घाबरत व्हतीस.

महिपती : कशी आहेस, आवडी?

आवडी : बरी हाय. तुमाला मिशी आली?

महिपती : हो. ठेवलीय अलीकडे.

आवडी : शोभत नाय. गोळ्या संपल्या, मंग झोप येईना. पन मी वरडत नाय आता, आयला इचारा. कुनाला मारत नाय.

महिपती : मला ठाऊक आहे. ये, बस इथं. हे बघ, इथं एक मोठे डॉक्टर आहेत. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. ते उद्या तुला जीपमधून मोठ्या दवाखान्यात नेतील. तिथं झोपेचं चांगलं औषध आहे. कोणी बांधणार नाही, कोणी मारणार नाही. जाशील?

आवडी : तुमी येनार?

महिपती : मी मागाहून येईन.

आवडी : नक्की?

महिपती : नक्की.

बयाबाई : हो म्हण गो. मी हाय की गाडीत तुज्या शेजारी.

आवडी : हे म्हणतायत तर जाते. पन त्या डाक्टरला समदं पयल्यापास्नं सांगावं लागंल ना? मला दुसऱ्यांदा नाय व्हायचं सांगनं.

महिपती : तुला एक शब्दही बोलावा लागणार नाही. मी सांगेन त्यांना सगळं.

आवडी : समदं?

महिपती : सगळं. झोप येत नाही ते, भगतानं मारलं ते, बाळंतपण, बाळ गेलं ते.

आवडी : आन तिचं नाव?

बयाबाई : नाव? कुनाचं नाव गो?

आवडी : माझ्या पोरीचं. तुला ठाव नाय, आये. तुमी कुनी इचारलंच नाय. फडक्यात गुंडाळलीत आन नेलीत. मी बोलाय लागले तर आत्या म्हणाली, बारसं झालं नाय, तिचं नाव कसलं. आपल्यात काढत नाय म्हणाली. पन मी पोटात असल्यापास्नं ठेवलं व्हतं. ह्यांनी इचारलं. कानातली नळी काढली आन इचारलं, मुलीचं नाव काय ठरवलं होतंस. मी ह्यांच्या कानात सांगितलं. त्या राती मी झोपले.

बयाबाई : मला नाय सांगितलंस कदी.

आवडी : तू नको म्हटली असतीस.

महिपती : सांगेन मी. नावसुद्धा सांगेन त्यांना.

आवडी : काय सांगाल?

महिपती : तू सांगितलंस तेच.

आवडी : मंग आता म्हणा. मला दुसऱ्याच्या तोंडून आयकायचं हाय. एकदा.

बयाबाई : म्हणा की, डाक्टर.

आवडी : आयेम्होरं म्हटलं तरी चालंल.

महिपती : चंद्रभागा.

आवडी : नाय.

महिपती : थांब. आठवतंय मला, थांब जरा.

बयाबाई : रोज शंभर मानसं बघतो तो, आवडे. गडबडला असंल. तू मला सांग. मी सांगते त्याला, मी सांगते त्या मोठ्या डाक्टरला.

महिपती : आवडी, ते मी खरंच विचारलं होतं. मला कोणी शिकवलं नव्हतं. पण तू कानात सांगत होतीस ना, तेव्हा मी… पुढं काय बोलायचं, ते आठवत होतो.

आवडी : हां.

महिपती : पुन्हा एकदा सांग. आता नाही विसरणार.

आवडी : नको.

बयाबाई : आवडे, घरी काय हाय ते ठाव हाय ना तुला? अमावाशा आली गो. बाप काय म्हणालाय, आयकलंयस ना?

आवडी : आयकलंय.

बयाबाई : मंग माझ्या बाय, त्याच्यासाठी नको, माझ्यासाठी जा.

आवडी : तुमी रडू नका, डाक्टर. असू द्या. बारसं झालंच नव्हतं तिचं. ऊठ आये, एश्टी चुकंल.