लिफ्ट चालू आहे

वकील : ...आणि आत गेल्यावर एकही प्रश्न विचारायचा नाही. बाई, ऐकताय ना?

बाई : ऐकतेय. तू पुस्तक उलटं धरून धडा वाचायचीस, तेव्हाही ऐकतच होते.

वकील : चेष्टा नको ना. नियमच तसा आहे. नातेवाइकानं फक्त निवेदन करायचं. विचारायचं नाही, वाद घालायचा नाही. एक प्रश्न तोंडातून गेला की ते फाईल मिटतात, आणि पान्या आणखी वर्षभर आत.

बाई : जन्मभर फळ्यापुढे उभी राहून मी दुसरं केलं काय? प्रश्नच विचारले पोरांना. आता म्हातारपणी मला गप्प बसायची शिकवणी.

वकील : मला आत येता आलं असतं तर ही वेळ आली नसती.

बाई : वकील चालत नाही. कारण सांगत नाहीत. ज्याला कोंडलाय त्याला आणत नाहीत. मग त्या खोलीत मंडळाचे हे तिघं बसून करतात तरी काय?

वकील : सुनावणी.

बाई : वा! आणि ऐकतात कुणाचं? पंख्याचं?

वकील : हळू बोला. शिपाई बघतोय. पुन्हा एकदा म्हणून दाखवा बघू, आत काय सांगणार.

बाई : मी पान्याची आत्या. त्याचे आईबाप गेल्यापासून मीच वाढवला. लहानपणी हातात पाना असल्याशिवाय झोपायचा नाही, म्हणून पान्या. मोठेपणी लिफ्ट दुरुस्त करायला लागला. ह्याच इमारतीतली लिफ्ट तपासायला त्याला बोलावलं. दोराचे पीळ तुटलेले दिसले म्हणून त्यानं ती बंद केली आणि दाराला पाटी लावली, 'दोर झिजला आहे, चढू नये.'

वकील : छान. पुढे?

बाई : नेमके त्याच दिवशी बडे साहेब वरच्या मजल्यावर नव्या कचेरीचं उद्घाटन करायला आले. 'आत्ताच्या आत्ता चालू कर' म्हणून सगळे पान्याच्या अंगावर गेले. तो हलला नाही. मग साहेब सहा मजले चढले, आणि वर पोचले तेव्हा त्यांचं जे तोंड झालं होतं ते अख्ख्या गावानं टीव्हीवर...

वकील : तोंड नाही.

बाई : बरं, तोंड गाळते. तोंड गाळलं तर त्या माणसात उरतं काय, पण असो. आठवड्याच्या आत पान्याला उचलला.

वकील : 'स्थानबद्ध केला.'

बाई : जेवत्या ताटावरून उचलला, हात धुऊ दिला नाही. त्याला मी तुझा तो खडीसाखरेसारखा शब्द लावू?

वकील : लावा. आत तेवढाच चालतो.

बाई : आणि कारण नाहीच, हुकमात एवढीच ओळ, 'भविष्यात सार्वजनिक सेवेस धोका पोचवण्याचा संभव.' भविष्यात! अगं, घरचा नळ वर्षभर टपकतोय आणि हा रोज म्हणतो 'आत्या, उद्या करतो.' त्याचा उद्या मला कधी दिसला नाही. ह्यांना बरा दिसला!

वकील : हे आत बोलू नका. हसतेय मी, पण बोलू नका. पायाला काय झालं? लंगडताय.

बाई : तिसऱ्या मजल्यावर एक पायरी सुटलीये. मुरगळला जरासा.

वकील : लिफ्टनं यायचं की. चालू केलीये त्यांनी. तपासणी खात्याचं प्रमाणपत्रही आलंय, दोर उत्तम म्हणून.

बाई : पाटी काढून फेकली म्हणून दोराला नवे पीळ फुटले वाटतं? आणि मला सांगतेस, तू कशानं आलीस?

वकील : ...जिन्यानं.

बाई : मग! सकाळपासून त्या लिफ्टसमोर बसलेय. दिवा लागतो, दार उघडतं, आत कुणी नाही. दार मिटतं. नवी नवरी बसवून ठेवावी तशी सजवून ठेवलीये, जवळ कुणी फिरकत नाही.

वकील : उठा, उठा. आले मंडळाचे लोक. मधले उंच आहेत ना, ते अध्यक्ष. निवृत्त न्यायाधीश.

अध्यक्ष : जरा... बसतो. हुश्श. पाणी... पाणी आहे का कुणाकडे?

बाई : घ्या माझ्या बाटलीतलं. सावकाश प्या. एवढी धाप लागते तर मग जिन्यानं कशाला...

वकील : बाई!

बाई : अजून बाहेरच आहोत गं.

अध्यक्ष : आभारी आहे. ह्या कोण?

वकील : पहिल्याच प्रकरणातल्या नातेवाईक, सर.

अध्यक्ष : अस्सं. पाठवा आत. तुम्ही इथंच थांबा.

(आतली खोली. दार लावलेलं. लांब टेबलामागे तिघं, बोलतो एकच.)

अध्यक्ष : थोडक्यात बोला. स्थानबद्धतेचं कारण गोपनीय आहे. त्याविषयी बोलायचं नाही.

बाई : जे मला माहीतच नाही, त्याविषयी न बोलणं मला जमेल.

अध्यक्ष : तिरकस बोलू नका.

बाई : बरं. मी त्याची आत्या. मुख्याध्यापिका होते. पोरगा लिफ्टचं काम करतो. दोर झिजलेला दिसला, त्यानं लिफ्ट बंद केली, पाटी लावली. एवढंच त्यानं केलं.

अध्यक्ष : एवढंच नाही. सुस्थितीतल्या लिफ्टला धोकादायक म्हणून त्यानं घबराट पसरवली, मान्यवरांचा खोळंबा केला. ते काय साधं समजता?

बाई : म्हणजे कारण हे होय! उपकार झाले. आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

अध्यक्ष : मी कारण सांगितलेलं नाही.

बाई : नाही सांगितलंत.

अध्यक्ष : मी सर्वसाधारण बोललो.

बाई : सर्वसाधारणच ऐकलं मी.

अध्यक्ष : तपासणी खात्यानं ती लिफ्ट सुरक्षित ठरवलीये. तज्ज्ञांनी. तुमच्या भाच्याला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं, असं नाही ना म्हणायचं?

बाई : मला विचारायची बंदी आहे. साहेबांनी विचारलेलं चालतं, हे नव्हतं माहीत.

अध्यक्ष : निवेदन संपलं?

बाई : एवढंच राहिलं. मी सकाळपासून लिफ्टसमोर बसलेय. लिफ्ट चालू आहे. शिपाई जिन्यानं वर आला. कपाटातल्या फायली दोघांच्या डोक्यावरून जिन्यानं वर आल्या. चहावाला किटली सांभाळत जिन्यानं आला. आणि तुम्ही तिघं साहेब जिन्यानं आलात. मधल्या साहेबांना पाणी मी दिलं.

अध्यक्ष : मला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

बाई : तिघांनाही एकच डॉक्टर लाभला. चांगलंय.

अध्यक्ष : बाई!

बाई : मी काही विचारलेलं नाही. शाळेत माझ्याकडे असली पोरं पुष्कळ होती. वर्गात हात वर करून म्हणायची, भूतबित काही नसतं, आणि संध्याकाळी मागच्या गल्लीनं न जाता वळसा घालून घरी जायची. त्यांना मी कधी मारलं नाही. ती लहान होती.

अध्यक्ष : पुरे. मंडळाचं समाधान झालेलं आहे. स्थानबद्धता वर्षभर कायम.

बाई : बाजूच्या दोघांनी अजून तोंड उघडलं नाही.

अध्यक्ष : ते सहमत आहेत.

बाई : मानही हलवली नाही. दमले असतील चढून.

अध्यक्ष : तुम्ही जाऊ शकता.

बाई : जाते. एक वस्तू द्यायची होती. त्याचा चष्मा. उचललं तेव्हा टेबलावर राहिला. त्याच्याशिवाय पोराला हातभरावरचं दिसत नाही.

अध्यक्ष : वस्तू स्वीकारायचा मंडळाला अधिकार नाही.

बाई : माणूस ठेवून घ्यायचा आहे, चष्मा घ्यायचा नाही. बरं. दार मीच लावून घेते.

(बाहेर, जिन्यापाशी.)

वकील : काय झालं? एवढ्यात आलात? बाई, प्रश्न विचारलात ना? मला वाटलंच...

बाई : एकही नाही.

वकील : मग?

बाई : वर्षभर.

वकील : बसा. इथं पायरीवर बसा. पाय पुढे करा.

बाई : रडू नकोस. वकिलानं रडायचं नसतं. पक्षकाराला राहू दे काहीतरी.

वकील : वरच्या कोर्टात जाऊ. नव्या कायद्यानं तिथंही सरकारला कारण विचारता येत नाही. अर्ज घेतात आणि ठेवून देतात. पण देऊ.

बाई : कारण त्यांच्या तोंडून निसटलं. लिफ्टच. घबराट पसरवली म्हणाला.

वकील : अध्यक्ष म्हणाले? स्वतः?

बाई : लगेच गिळलंन म्हणा. माझ्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार?

वकील : बहुतेक कुणी नाही. तरी पहिल्याच ओळीत घालते. खोटं आहे म्हणायला तरी त्यांना तोंड उघडावं लागेल.

बाई : घाल. आणि त्याचा चष्मा पाहिजे हेही घाल.

वकील : कोर्टाच्या अर्जात चष्मा?

बाई : पहिल्या ओळीत नको. दुसऱ्या ओळीत घाल.

वकील : घालते. चला आता, हात धरा, सावकाश उतरू.

बाई : थांब गं. पाय ठणकतोय. बसू जरा.

वकील : बाई, दुपार झाली. बाकीच्या प्रकरणांचे नातेवाईक जाऊन आले. शिपाईसुद्धा जेवायला गेला. हे तिघं अजून आतच.

बाई : ते दार दोनदा किलकिलं झालं. मला बघितलं की मिटतं.

वकील : तुम्हाला का घाबरतील?

बाई : मला कशाला घाबरतील! जिन्यानं उतरले तर मी खरी. लिफ्टनं उतरले तर, कुणी सांगावं, पान्या खरा. बसलेत बिचारे कोंडून घेऊन. वकील नाही, नातेवाईक नाही.

वकील : म्हणजे पाय ठणकत नाहीये तुमचा.

बाई : ठणकतोय की. मघाशी जरा कमी होता.

वकील : आलं कुणीतरी. सरका, सरका.

अध्यक्ष : जरा वाट द्या.

बाई : लिफ्ट तिकडे आहे, साहेब. दिवा लागलाय.

अध्यक्ष : मला दिसतंय. वाट द्या.

बाई : आता खोलीबाहेर आहोत, म्हणून विचारते. प्रमाणपत्र तुमच्या टेबलावर आहे. दोर उत्तम आहे. मग भीती कसली वाटते?

अध्यक्ष : ...मला नातवंडं आहेत, बाई.

बाई : मला एक भाचा आहे.

वकील : उठा बाई. जाऊ द्या त्यांना.

बाई : उठते. जा साहेब, कठड्याला धरून उतरा. तिसऱ्या मजल्यावर एक पायरी सुटलीये. पाटी लावणारा आत आहे, म्हणून तोंडी सांगतेय.