डावाच हात दाखवायचा

— न्हाई न्हाई, बसा की पावनं, जागा लय हाय. ती पिशवी पोरीची हाय, खाली ठिवा. पर ह्या उजव्या अंगाला नगा, डाव्या अंगाला बसा. न्हाई, तसं काय न्हाई, घोंगडं टोचतं लोकास्नी म्हणून म्हणलं. व्हय, उन्हाळा हाय, म्हायती हाय मला. पर आमी माण तालुक्यातली माणसं, घोंगड्याबिगर घराभाईर पडत न्हाई — थंडी असू द्या, ऊन असू द्या. आता खांद्यावर टाकायचं सोडून हातावर घेतलंय म्हणताय? घेतलंय बाबा. माझं घोंगडं, माझा हात. पोरगी केसपेपर काढाय गेलीया, सांगलीच्या दवाखान्यात लाईन काय थोडी असती व्हय, तवर जरा निवांत बोलू.

तुमचं काय म्हणणं हाय? हात? दावा बरं. ह्या नसा? आन ह्याच्यासाठी कामावर रजा टाकून आला? आरं द्येवा! मोबाईलवर वाचलंय व्हय — मंग तर झालंच. आवं, तुमच्या अंगावर मांस न्हाई, त्यात ह्यो उन्हाळा, नसा वर येणारच की. हात वर करा. आसा, डोक्याच्या वर. लोकं बगत्यात तर बगू द्या, दवाखान्यात कोण कुणाला हसत न्हाई. हां... आता बगा. बसल्या का न्हाई नसा? मंग! गेलासा की बरं होऊन. आता माझा बगा, ह्यो डावा — खाली किती टरारल्यात, बोटानं मोजून घ्या — आन आता वर केला — गेल्या! आमच्या शाळंत शिबिर झालतं तवा डॉक्टरीणबाईनं सांगितलं आमच्या मंडळीला. अंजनाला. तिच्या बी हाताला लय नसा, जलम गेला धारा काढण्यात. बाई म्हणली, कष्टाचं हात हायती, वय झालं की कातडी पातळ हुती, भिऊ नगा.

न्हाई, आणिक बी सांगितलं की. आठवतंय मला सगळं, मला काय झालंय. म्हणली, दोन्ही हात सारखं असतील तर घोर न्हाई. पर एकच हात सुजला, नस लाल झाली, हाताला गरम लागली, दोरीवानी कडक झाली, दाबली की दुखली, वर ताप आला — तर घरी बसायचं न्हाई, लेप लावत बसायचं न्हाई, त्याच दिवशी... ते जाऊ द्या. ते दुसऱ्यांसाठी हाय. तुमाला न्हाई लागू.

मला बी न्हाई. मी हितं कशाला आलो? पोरीच्या डोक्यात आलं म्हणून आलो. आवं, परवा आमच्या बिरोबाची जत्रा. लेकीला आन जावयाला आवतान द्यायला कुपवाडला आलो — जावई हितल्या कारखान्यात हाय, लय गुणाचा. आलो तर स्वप्नालीनं मटान केलंया. वास आसा सुटलाय, दारातच जीव अर्धा झाला. आन मी म्हणलं, माझा उपास हाय. काय करता! जेवायला उजवा हात लागतो की. ती म्हणली, आबा, तुमचा उपास? कवापासनं? म्हणलं, कालपासनं. मंग चहा दिला, ह्या डाव्या हातानं कप धरला, तर तिची नजर ह्या नसांवर. आबा, नसा किती फुगल्यात! काढला मोबाईल, तुमच्यावानीच. झालं, आणलं हितं. म्हणलं बरं झालं, डॉक्टरला डावा हात दावायचा, हात वर करून दावायचा, नसा गेल्या की डॉक्टर म्हणणार ठणठणीत हाय, पोरीचा जीव भांड्यात, आन मी संध्याकाळच्या यष्टीनं दहिवडीला. कसं डोकं हाय?

आवं कुठला उजवा? उजव्याला काय झालंय? बोललो व्हय मी तसं? ...जेवायला लागतो म्हणालो. लागतोच की, सगळ्यांस्नीच लागतो. तुमी लय बारीक ऐकता पावनं, बँकेत हाय काय?

बरं, सांगतो. पर पोरगी आली की गप बसायचं. गजी नाच म्हायती हाय न्हवं? धनगरांचा — गोल धरायचा, हातात रुमाल, मधी ढोल. तर त्यो मधला ढोल माझा. बापाच्या माघारी माझ्याकडंच. उजव्या हातात टिपरू, डाव्या हाताची थाप, आन माझ्या ठोक्यावर सगळं गाव पाय टाकतं. माझा चुलतभाऊ हाय नानासो, त्यो टपून बसलाय. दरसाल म्हणतो, आकाराम, दमलास आता, दे हिकडं. मी दमतोय व्हय! पर ह्या साली जरा अशक्तपणा वाटला. मंग काय, आमच्याकडं जत्रंच्या आधी एक सलायन लावत्यात माणसं. ताकद येती. मोटरसायकलवर एकजण येतो बाटल्या घिऊन. डॉक्टर हाय का काय ते आमी कशाला इचारतोय? त्यो बी खूश माझ्यावर — म्हणतो, आबा, तुमची नस आंधळ्याला बी घावंल. आन मी लगेच उजवा हात म्होरं केला. ही आसली नस हुती! बाकीच्यांना चार-चार ठिकाणी टोचतो त्यो, मला एका दणक्यात.

बाटली बांधली आड्याला, पडलो बाजंवर. आन नेमकी देवळाम्होरं तालीम सुरू झाली. ढोल कुणाकडं? नानासोकडं! आन वाजवतोय कसा — आवं, पोरांचं पाय एकमेकांत अडकायला लागलं. मी पडून ऐकतोय, ऐकतोय — किती ऐकणार? अंजनाला म्हणलं, सोड बाटली. ती म्हणली, अर्धी बी गेली न्हाई. म्हणलं, मंग हातात धर आन चल. गेलो तसाच. मी म्होरं, ती मागं बाटली वर धरून. ढोल घेतला गळ्यात, आन वाजवला की, सुईसकट! मी फिरलो की ती फिरतीया, मी वाकलो की ती वाकतीया, नळीचा गुता व्हायला लागला तर शिव्या बी देतीया. सगळं गाव हसतंय. लोकं म्हणत्यात, बिरोबाच्या म्होरं आसला नाच आजवर झाला न्हाई. हसा हसा, मी बी हसलो. नानासो तेवढा हसला न्हाई.

मंग सुई निसटली. हात फुगला. फुगायचाच, त्यात काय. चुना आन हळद गरम करून लावली. मंग लोकरीचा दोरा आवळून बांधला, सूज वर चढाय नगं म्हणून. आमी मेंढराच्या पायाला बांधतो की. मेंढरू बरं हुतं. ...न्हाई, सगळीच न्हाई हुत. अंजनाला सांगितलं, सूज गेली. तवापासनं घोंगडं सोडलं न्हाई. रात्री बी न्हाई.

दुखतंय व्हय? दुखत न्हाई. म्हंजी टिपरू धरलं की दुखतं. आन धरलं न्हाई तर ठणकतं. ताप? थोडा. सांजचा येतो, सकाळी जातो, त्यो काय राहायला येत न्हाई. आवं, काय हात लावताय घोंगड्याला — थांबा! ...थांबा, मीच दावतो. हळू. बगा. बगा आन गप बसा. ही मनगटापासनं ती हितवर, कोपराच्या वर लाल रेघ गेलीया, ती कालपतुर कोपराच्या खाली, हितंच हुती. नस म्हणताय? हात लावून बगा — लोखंडी सळई हाय जणू. आता वर करतो. आई गं... केला. बसली का? तुमच्या बसल्या, माझ्या डाव्याच्या बसल्या. ही न्हाई बसत. मी घरी बी करून बगितलंय, बाजंवर पडून, कितीदा तरी. न्हाई बसत.

आसं तोंड करू नगा पावनं. मला म्हायती हाय. बाईनं सांगितलं ते सगळं मला पाठ हाय, म्हणून तर घोंगडं टाकलं. डॉक्टर म्हणणार, दाखल व्हा. जत्रा परवा हाय! पर तुमी म्हणताय तसं — तुमी काय म्हणला? हातच राहिला न्हाई तर? ...आसं तोंडावर बोलत्यात व्हय म्हाताऱ्या माणसाला? भ्या वाटतंय मला. खरंच वाटतंय. चार रात्री झोप न्हाई.

आवं, कुठं चालला? बसा! नर्सबाई, त्येंचं ऐकू नगा, ते स्वतःच्या नसा घिऊन आल्यात — हां... ती नर्सबाई खुर्ची घिऊन मलाच न्याय येती व्हय? चाकाची? चालता येतं मला! बरं, बरं, बसतो. बाई, एक मिनिट. एकच. पावनं, माझ्या कोपरीच्या खिशातनं फोन काढा. उजव्या बोटांनी दाबवत न्हाई आता, डाव्यानं ह्यो हात धरलाय. त्यात नावाच्या जागी मेंढराचा फोटू हाय बगा, पोरीनं लावून दिलाय, त्यो नानासो. लावा. माझ्या कानाला धरा. डाव्या.

...हां, नानासो. आकाराम. सांगलीतनं. ऐक, ढोल आड्यावर टांगलाय, अंजनाकडनं घे. ...व्हय, तूच. ...हसतो कशाला रं? ...न्हाई हसत? मंग रडतो कशाला! ऐक आधी. दुसऱ्या फेरीला तू घाई करतोस. तितं थांब जरा, पोरांचा पाय पडू दे, मंग ठोका. आन चुकलास तरी थांबू नगंस. मी... मी हितनं काय ऐकणार हाय व्हय, येड्या. ठेव.

बंद झाला का? झाला न्हवं? ठिवा खिशात. आन आता जरा तिकडं बगा पावनं.